पाण्याचा लिलाव झाला नव्हता

आमच्या ग्रामपंचायतीच्या कार्यालयामागे प्लास्टिकच्या कचरापेट्यांचा एक ढीग आहे. हिरव्या ओल्या कचऱ्यासाठी, निळ्या सुक्यासाठी. गावात वाटायला आणल्या होत्या. निम्म्या वाटल्या, निम्म्या पावसात तिथेच राहिल्या आणि आता त्यांत डासांची पैदास होते. ज्यांना मिळाल्या त्यांनी मोहफुलं भरली, कोंडा भरला. आमच्या शेजारणीची कोंबडी एका निळ्या पेटीत अंड्यांवर बसते. कचरा पूर्वीसारखाच नालीत जातो आणि नाली पूर्वीसारखीच शाळेच्या फाटकापाशी तुंबते.

ही मी सांगते ती गोष्ट पाण्याची आहे, पण या ढिगापासून सुरुवात केल्याशिवाय मला ती सांगता येत नाही. कारण ज्या वर्षी गावाच्या नळयोजनेची वीज कापली गेली, त्याच वर्षी या पेट्या आल्या होत्या.

दसरा होऊन गेला होता. लाइनमन आला, पाण्याच्या टाकीजवळच्या खांबावर चढला आणि तार सोडून निघून गेला. बिल किती महिन्यांचं थकलं होतं ते त्याने खाली जमलेल्या बायकांना सांगितलं, तेव्हा त्या त्याच्यावरच ओरडल्या. दुसऱ्या दिवसापासून विहिरीवर आणि हातपंपावर गुंडांची, म्हणजे घागरींची, रांग. रस्त्यावरचे दिवे आधीच गेले होते.

मी भंडाऱ्याला कॉलेज संपवून गावात परतले होते आणि मोहाडीत एका शिकवणी वर्गावर शिकवत होते. जाता-येता पंचायतीचं कार्यालय लागायचं. एका सकाळी मी आत शिरून ग्रामसेवकांना विचारलं, की पेट्यांना पैसे होते, मग बिलाला का नाहीत?

ते माणूस म्हणून वाईट नव्हते. कपाळावर आठी घेऊनच जन्माला आल्यासारखे दिसायचे, एवढंच. त्यांच्याकडे तीन गावांचा कारभार होता.

"पैसा आहे ना," ते म्हणाले. "खात्यात आजही आहे. पण तो कचऱ्याचा आहे."

"म्हणजे?"

"वरून येतो तो पैसा बांधून येतो, बाई. हा स्वच्छतेचा, हा नालीचा, हा अमक्याचा. कचऱ्याच्या हेडमधला रुपया मोटारीच्या बिलाला लावला तर ऑडिटवाला माझी मान धरतो. न खर्चता ठेवला तर पंचायत समितीवाले विचारतात, खर्च काहून नाही केला? मग आम्ही पेट्या घेतो."

"लोकांना नको असलेल्या?"

"लोकांना काय पाहिजे याचा हेड नाही ना."

हे वाक्य ते विनोद म्हणून बोलले नव्हते. 

पंचायतीचा स्वतःचा, न बांधलेला पैसा म्हणजे घरपट्टी, पाणीपट्टी, बाजारात बसणाऱ्या दुकानदारांकडून घ्यायची बैठक आणि तलावाचा लिलाव. यातली घरपट्टी आमच्या गावात कोणी भरत नाही आणि कोणी मागतही नाही. सरपंचाने ज्याच्या दारात जाऊन पट्टी मागितली, त्याच्या दारात मत मागायला कोणत्या तोंडाने जायचं? म्हणून वसुली दाराशी होत नाही, टेबलाशी होते. ज्याला दाखला लागतो तो अडकतो. पोराचं शाळेचं काम, म्हातारीचं निराधारचं काम, काहीही असो, आधी थकबाकी भर, मग शिक्का. ज्यांना दाखले लागतात ते बहुतेक गरीब. पक्क्या दुमजली घरांना पाच-पाच वर्षं पंचायतीची पायरी चढावी लागत नाही, म्हणून ती पाच-पाच वर्षं भरत नाहीत. मग निवडणूक येते. उमेदवारी अर्जाला थकबाकी नसल्याचा कागद लागतो आणि एका आठवड्यात तीच दुमजली घरं नोटा घेऊन रांगेत उभी राहतात. आमच्या गावाची तिजोरी लोकशाहीच्या तापाने पाच वर्षांतून एकदा फुगते आणि ताप उतरला की बसते.

हे सगळं मला लहानपणापासून थोडं थोडं ठाऊक होतं, कारण आमच्या घरी पुस्तकं कमी आणि पत्रकं जास्त होती. बाबा शेतमजुरांच्या एका संघटनेत होते. धानाच्या कोठीखाली एक पत्र्याची पेटी होती, तिच्यात वर्षानुवर्षांची गुलाबी, पिवळी, पांढरी पत्रकं. मी वाचायला शिकले ते 'जाहीर निषेध' या दोन शब्दांवर. पुढे 'विराट मोर्चा' आलं. बाराखडी नंतर. बाबा जेवताना पत्रकाचा मजकूर मोठ्याने म्हणून दाखवायचे आणि आई म्हणायची, "भाकर निषेधासंगच खाता का भाजी बी घेता?"

संघटना आता नावापुरती उरली आहे. बाबांनी थोडी जमीन घेतली, तलावाखालची. पेटी कोठीखालीच आहे.

आता काकीचं सांगते.

गावाच्या उत्तरेला आमचा गावतलाव. मोठा नाही. त्याच्या पारीवर, म्हणजे बांधावर, उभं राहिलं की एका बाजूला पाणी आणि दुसऱ्या बाजूला खाली आमची धानाची शेतं. पारीच्या टोकाला ढिवरांची, म्हणजे मासेमारांची, चार घरं, त्यातलं एक काकीचं. ती माझी नात्याने कोणी नाही. लहानपणी तिच्या ट्यूबवर बसायला मी हट्ट करायची, तेव्हापासून काकी. ट्यूब म्हणजे ट्रकच्या चाकाची, वर फळी बांधलेली. त्यावर बसून ती तलावात हाताने वल्हवत फिरायची आणि शिंगाड्याचे वेल उलटून उलटून फळं तोडायची. शिंगाड्याला काटे असतात. तिच्या बोटांची टोकं कायम काळी आणि चिरलेली.

शिंगाडा ती दर पावसाळ्यात पंचायतीकडून पावती फाडून घ्यायची. मासोळीचा लिलाव वेगळा व्हायचा. तलावाची एक जुनी पाळी होती, कोणी लिहिलेली नव्हती: हिवाळा शिंगाड्याचा, उन्हाळा मासोळीचा. दिवाळीच्या आगेमागे शिंगाडा तोडायचा, शेवटच्या तोडीतली पिकलेली फळं बियाण्यासाठी मडक्यात पाण्यात ठेवायची. मग उन्हाळ्यात तलाव आपोआप उतरला की मासोळी धरायची. एकाच पाण्यावर दोन पिकं, आणि दोघांचं भांडण कधी झालं नाही, कारण दोघांच्या मध्ये चार महिने असायचे.

त्या वर्षी काका घरी पडून होते. वैनगंगेवर जाळं टाकायला गेले असताना दगडावरून घसरून कंबरेचं हाड मोडलं होतं. नदी बंद झाली. घरात येणारं जे काही होतं ते तलावातल्या त्या वेलावर तरंगत होतं. काकी म्हणायची, "यंदा वेल चांगला बसला वं. देवानं एक दार लावलं तं एक उघडं ठेवलं."

पहिली तोड निघाली होती. पुढच्या तोडी बाकी होत्या.

आणि मंडई जवळ येत होती.

आमच्या भागात दिवाळी संपली की गावोगाव मंडई भरते. एक दिवस या गावाची, एक दिवस त्या गावाची. दुकानं लागतात, दंडार होते, नाटक होतं आणि घरोघरी पाहुणे येतात. पाहुण्यांना काय दिसलं आणि काय खायला मिळालं यावर गावाची वर्षाची इज्जत ठरते. पाणी नसलेलं, दिवे नसलेलं गाव मंडई भरवणार कशी? यासाठी ग्रामसभा बोलावली. एरवी आमच्या ग्रामसभेला गणपूर्ती होत नाही. सही करणारे सह्या करून घरी जातात. त्या दिवशी समाजमंदिर भरलं होतं आणि दारातही माणसं उभी होती.

सरपंच उभे राहिले. माणूस बोलण्यात गोड. "जवाहरनगरच्या क्वार्टरमधून पाहुणे येतील, नागपूरहून येतील. नळाले पानी नाई, खांबाले लाईट नाई. गावाचं नाक जाईन का नाई, सांगा."

मागून एक म्हातारा बोलला, "नाक गेलं तं बरंच होईन गा. नालीचा वास तं नाई येनार."

सगळे हसले. सरपंचही हसले, हे त्यांचं कौशल्य. मग त्यांनी उपाय सांगितला. तलावातली मासोळी उन्हाळ्यापर्यंत कशाला ठेवायची? आत्ताच लिलाव करू. बाहेरचा एक ठेकेदार तयार आहे. त्याच्या पैशात बिल भरू, तार जोडू, मंडईत गाव लखलखेल. घरपट्टीचं नाव कोणी काढलं नाही. मी काढलं.

"घरपट्टी गोळा केली तर बिल निघत नाही का?" मी विचारलं. "सगळ्यात जास्त थकबाकी कोणाकडे आहे, ते वाचून दाखवा ना इथे."

पुढच्या रांगेतल्या दुमजली घरांनी माझ्याकडे वळून पाहिलं. एक जण म्हणाला, "हे पोट्टी बापाचंच पत्रक वाचून राहिली." पुन्हा हशा. बाबा माझ्या शेजारीच बसले होते. ते काही बोलले नाहीत. मला वाटलं, मला बोलू देत आहेत.

तेवढ्यात बायकांच्या बाजूने काकी उठली. "जी, मी काय म्हणतो," ती म्हणाली. "माया वेल हाय ना पान्यात. दोन-तीन तोडी बाकी हायेत. मंडईले मासोळी धराची म्हनता, तं वेलाचं कसं?"

"तुया वेलाले कोन हात लावते वं काकी?" सरपंच म्हणाले. "त्याले मासोळी पायजे. शिंगाडा त्याले खाता बी येत नाई, काटे टोचतेत."

पुन्हा हसू. काकीही हसली आणि खाली बसली. हात वर झाले. मी माझा हात खाली ठेवला आणि आजूबाजूला वर गेलेल्या हातांकडे पाहत बसले. पाणी नसल्याने कित्येकांनी त्या दिवशी अंघोळ केली नव्हती. काखांचा आंबूस वास सगळ्या समाजमंदिरात भरला होता. मला तो वास अजूनही ठरावाचा वास वाटतो.

लिलाव झाला. तार जोडली गेली. नळाला पाणी आलं तेव्हा गल्लीतली लेकरं नाचली.

मंडईला आठवडाभर उरला असेल. मी सकाळी मोहाडीला निघाले तर पारीवर माणसं. ठेकेदाराने तलावाचं तुडूम उघडलं होतं. तुडूम म्हणजे पारीच्या पोटातून शेतांकडे पाणी सोडायचं दार. भरल्या तलावात शिंगाड्याच्या वेलात जाळं फिरत नाही, अडकतं. म्हणून त्याने सोपा मार्ग काढला होता. पाणीच काढून टाकायचं. चिखलात तडफडणारी मासोळी हाताने उचलायची.

काकी पारीवरून ओरडत होती, "अरे बंद कर रे! वेल चिखलात बसून राहिला माया!" ठेकेदाराची माणसं बिड्या ओढत होती. त्यांतला एक म्हणाला, "आमाले काहून सांगता, मावशी? पंचायतीले सांगा. आमी पावतीवाले हाओत."

मी शिकवणीला गेलेच नाही. काकी आणि मी पंचायतीत गेलो. चालताना तिच्या पायातली चप्पल दोनदा निसटली. दुसऱ्यांदा तिने ती उचलली आणि हातातच धरली.

ग्रामसेवकांनी ऐकून घेतलं. दोन्ही पावत्यांची स्थळप्रत काढून समोर ठेवली.

"ही मासोळीची. ही तुमची, शिंगाड्याची. दोन्ही बरोबर आहेत."

"अन् पानी?" काकीने विचारलं.

"पाण्याचं काय?"

"पानी कोनाचं हाय?"

त्यांनी आठी सैल केली. खरंच विचार केला, हे मला दिसलं. मग म्हणाले, "पाण्याचा लिलाव झालाच नाही. पाणी आपण कोणालाच दिलेलं नाही."

"मंग तो सोडून कसा राहिला?"

"ते तुम्ही दोघं आपसात पाहून घ्या. पंचायतीचा त्यात संबंध येत नाही."

मी म्हणाले, "तलाव पंचायतीचा, दार पंचायतीचं, ठेकेदार पंचायतीचा. संबंध येत नाही?"

"बाई, मी नियमात काय आहे ते सांगतो. मासोळी विकली. शिंगाडा विकला. पाणी विकलं नाही."

काकी माझ्याकडे पाहत होती. तिला वाटत होतं मला यावर काहीतरी येत असेल, मी शिकलेली आहे, पत्रकवाल्याची पोर आहे.  मी सरपंचांना फोन लावला. मंडप कुठे टाकायचा हे ते कोणाला तरी ओरडून सांगत होते. मध्येच मला म्हणाले, "आता सोडलं ना पानी? आता बंद करून का फायदा? काकीले सांग, मी आहो."

मग मला बाबा आठवले. गावातली अर्धी माणसं त्यांच्या शब्दाखातर पूर्वी उन्हात मोर्च्याला चालली होती. बाबांनी जाऊन दार लावलं असतं तर ठेकेदाराच्या माणसांनी हात लावला नसता. मी पळत घरी गेले. बाबा घरी नव्हते, शेतात होते. मी शेतात गेले.

तुडुमातून सुटलेलं पाणी पाटाने आमच्याच शेतात येत होतं. भारी, म्हणजे उशिरा निघणाऱ्या, धानाला शेवटचं पाणी हवं होतं. लोंबी भरायच्या दिवसांत ते मिळालं की दाणा टपोरा होतो. त्या वर्षी पाऊस लवकर गेला होता आणि सगळे शेतकरी तलावाचं दार कधी उघडतं याकडे डोळे लावून बसले होते. बाबा फावड्याने बांधाचं तोंड मोकळं करत होते, पाणी नीट आत यावं म्हणून. खालच्या शेतात आणखी दोघं तेच करत होते. ग्रामसभेत बाकी कोणीच का बोललं नाही हे मला तिथे, बांधावर उभं राहून, एकदम दिसलं.

"बाबा, तुडूम बंद करायला चला. काकीचा वेल चिखलात बसला."

बाबांनी फावडं थांबवलं नाही.

"बाबा."

"ऐकलं मी," ते म्हणाले. "पानी सुटलं तं धानालेच लागलं ना. नालीत तं नाई गेलं."

 पाणी माझ्या चपलांखाली आलं. गार होतं. त्यात शिंगाड्याचं एक पान तरंगत आलं, तिकोनी, कडेला दातेरी, आणि बाबांच्या फावड्यापाशी अडकलं. त्यांनी ते बाजूला सारलं.

दोन दिवसांत तलाव उघडा पडला. मी पारीवर गेले तेव्हा वेल चिखलावर चिंध्यांसारखा पसरला होता. पानं आधी पिवळी, मग काळी. मेलेली बारकी मासोळी कुणी उचललीच नव्हती, ठेकेदाराला मोठीच हवी होती, आणि तिच्यावर घोंघावणाऱ्या माशांचा काळा थर. असा वास की नाकाला पदर लावूनही घशात उतरत होता. काकी गुडघाभर चिखलात वाकून हाताला येतील ती फळं काढत होती. मी साडी खोचून आत उतरले. एक फळ फोडून तिने मला दाखवलं. आत दुधासारखं पाणी.

"कवळं हाय," ती म्हणाली. "हे उकडाचं बी नाई, अन् बियाचं बी नाई."

"बियाणं?"

"बियाचं मडकं यंदा रिकामंच राह्यते."

तिने टोपली पारीवर ओतली. त्यातलं विकण्याजोगं मूठभर निघालं.

त्या रात्री मी कोठीखालची पेटी ओढली, जुन्या पत्रकांकडे पाहून तसंच नवं लिहिलं आणि सकाळी मोहाडीत छापून आणलं. 'जाहीर निषेध' असंच सुरू केलं, मला दुसरी सुरुवात येत नाही. कचरापेट्यांचं लिहिलं, दुमजली घरांच्या थकबाकीचं लिहिलं, तुडुमाचं लिहिलं. खाली माझं एकटीचं नाव. आईने ते वाचलं आणि बाबांच्या ताटाशेजारी ठेवलं. बाबांनी जेवून झाल्यावर त्याची घडी केली आणि पेटीत टाकली. तेवढंच.

मंडईच्या दिवशी गाव खरंच लखलखलं. कमानीवर दिवे, खांबावर दिवे, पंचायतीच्या इमारतीवर माळा. कार्यालयामागच्या पेट्यांच्या ढिगावर हिरवी जाळी टाकून झाकलं होतं. घराघरातून मासोळी तळल्याचा वास येत होता. आमच्याच तलावाची मासोळी, ठेकेदाराने गावातच बसून विकली होती. पाहुणे म्हणत होते, यंदा तुमची मंडई जोरदार. मी पत्रकं वाटत फिरत होते. लोक हातात घेत, उलटसुलट करत, हो-हो म्हणत. तासाभराने मी भज्यांच्या गाड्यापाशी आले तर गाडीवाला माझ्या पत्रकांवरच भजी देत होता. कोणीतरी त्याला गठ्ठाच नेऊन दिला होता.

काकी कडेला उभी होती. तिच्याही हातात भजी होती, माझ्याच पत्रकावर.

"घे वं, गरम हायेत," ती म्हणाली. मी घेतलं नाही. तिने एक भजं तोंडात टाकलं, कागद तिरका धरून पाहिला. "कागद बरा आनला तू. तेल नाई सोडत."

मला रडू यायला हवं होतं, आलं हसू. ती पण हसली. मग म्हणाली, "रागावू नको. पोटात तं जाऊन राहिलं."

मंडई संपली. महिना-दीड महिन्यात लाइनमन पुन्हा आला. ठेकेदाराने सुरुवातीला जे दिलं तेच, बाकीचं दिलंच नाही. मासोळी कमी निघाली, असं त्याचं म्हणणं. जे दिलं होतं त्यातलं बिलाला लागलं ते तार जोडण्यापुरतं आणि उरलेलं मंडप आणि माळांना. तार पुन्हा सुटली. विहिरीवर पुन्हा गुंडांची रांग लागली. उन्हाळ्यात तलाव कोरडा ठक्क पडला, त्यात गुरं मोकळी फिरली, तळ तुडवून टाकला. मासोळीही नाही, शिंगाडाही नाही. दोन पिकं देणारं पाणी एका मंडईत संपलं होतं.

मृगाच्या आधी सरपंच आणि ग्रामसेवक काकीच्या दारात आले. मी तिथेच होते, काकांना औषध आणून दिलं होतं. पंचायत समितीतून विचारणा आली होती की पंचायतीचं स्वतःचं उत्पन्न का घटलं.

"काकी, यंदाची शिंगाड्याची पावती फाडून घे," सरपंच म्हणाले. "तुयासाठी कमी केली. निम्मीच दे."

काकी सूप पाखडत होती. थांबली नाही. "पावतीवर एक लिवून द्या मंग."

"काय?"

"शेवटच्या तोडीवरी पानी सोडनार नाई, असं."

सरपंचांनी ग्रामसेवकांकडे पाहिलं. ग्रामसेवकांनी पावतीपुस्तक उघडलं, नमुना वरून खाली पाहिला, जणू त्यात कुठेतरी ते असेल.

"असा रकाना नाही यात," ते म्हणाले.

"रकाना नाई तं मागच्या बाजूले लिवा."

"मागे लिहिलेलं चालत नाही, काकी."

"मंग मले बी चालत नाई," काकी म्हणाली आणि सूप घेऊन आत गेली.  आतून पाखडल्याचा आवाज येत होता. सरपंच मला म्हणाले, "समजाव तिले, तू शिकलेली हायेस."

मी समजावलं नाही.

काकीचं माहेर बपेऱ्याकडे. तिकडून तिने शिंगाड्याची रोपं आणली, ओल्या पोत्यात गुंडाळून, एसटीत मांडीवर घेऊन. पलीकडच्या गावात एका शेतकऱ्याची स्वतःची बोडी होती, म्हणजे शेतातला छोटा तलाव. ती त्याने अर्धेलीवर दिली. वेल बसला. रोज सकाळी ती ट्यूब डोक्यावर घेऊन आमच्याच तलावाच्या पारीवरून तिकडे जायची. पारीच्या आतल्या बाजूला पाणी होतं, पावसाचं, त्यावर बेशरमाची झुडपं उगवून आली होती. ती त्याकडे पाहत नसे.

या वर्षी मंडई पुन्हा झाली. या वेळी दिवे कशाच्या पैशांवर लागले ते मी विचारलं नाही, पुढे कळेलच. काकी उकडलेल्या शिंगाड्यांची टोपली घेऊन रस्त्याच्या कडेला बसली होती, शाळेच्या फाटकापाशी, तुंबलेल्या नालीपासून थोडी दूर. मी तिच्याजवळ बसले होते. सरपंचांकडे आलेल्या पाहुण्यांपैकी एक बाई थांबली, फळ सोलून खाल्लं आणि विचारलं, "गोड आहेत हो. इथलेच का, याच गावच्या तलावातले?"

"नाई जी," काकी म्हणाली. "परगावचे."

थोड्या वेळाने पंचायतीचा माणूस बैठकीची पावती फाडत आला. गावातल्या दुकानाला एक दर, बाहेरच्या मालाला दुसरा, जास्त. त्याने टोपलीकडे पाहिलं, मग काकीकडे. अडखळला. तो तिला जन्मापासून ओळखत होता.

"काकी, माल बाहेरचा हाय ना?"

"हौ."

"मंग बाहेरचा दर लागते. नियम हाय."

काकीने कमरेची पिशवी सोडली, पैसे दिले. तो घाईघाईने पुढे गेला. तिने पावती माझ्यापुढे धरली, कारण तिला वाचता येत नाही.

"वाच वं. काय लिवलं हाय?"

मी वाचलं. "मंडई बैठक. शिंगाडा. परगाव."

"बरोबर लिवलं," ती म्हणाली, आणि पावती टोपलीखाली सरकवून पुढच्या गिऱ्हाइकाला शिंगाडे मोजायला लागली.